एकदा अटक झाली होती, आता परदेशी जायचंय: पासपोर्ट आणि व्हिसा मिळतो का?

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावात पासपोर्टचा अर्ज बहुतेक लोक स्वतः भरत नाहीत. बसस्टँडजवळच्या ई-सेवा केंद्रात आधार, दहावीची टीसी आणि फोटो देतात. पुढचं काम तिथला पोरगा करतो. फॉर्ममध्ये शेवटी-शेवटी काही प्रश्न येतात. तुमच्यावर कुठल्या कोर्टात फौजदारी खटला चालू आहे का? तुम्हाला शिक्षा झाली आहे का? तुमच्याविरुद्ध वॉरंट किंवा समन्स निघालंय का? पोरगा न विचारताच सगळीकडे 'नाही' करतो, कारण सगळ्यांचं तेच असतं. खाली सही मात्र तुमची असते.

ज्याच्यावर आयुष्यात कधी केस झाली नाही त्याचं यात काही बिघडत नाही. पण सोयाबीनच्या भावासाठी रास्ता रोको केलेला शेतकरी, बांधावरच्या भांडणात दोन्हीकडून तक्रारी झालेली भावकी, वहिनीने केलेल्या ४९८-अ च्या तक्रारीत नाव आलेला कॉलेजातला दीर, गणपतीच्या मिरवणुकीत उचललेला मुलगा, असे लोक गावोगावी आहेत. यातल्या एखाद्याला दहा वर्षांनी कॅनडात शिकायला, कुवेतला नोकरीला, उमराहला किंवा अमेरिकेतल्या नातवाला बघायला जायचं ठरतं, तेव्हा ती जुनी अटक आठवते आणि घरात एकच चर्चा सुरू होते: सांगायचं की लपवायचं?

याचं उत्तर मिळवायला आधी नेमकं काय झालं होतं ते कागदावर बघावं लागतं. कारण 'केस होती' या दोन शब्दांत लोक चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात.

अटक, गुन्हा, खटला आणि शिक्षा

पोलिसांनी गाडीत घालून नेलं, संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवलं आणि सोडून दिलं. आंदोलनांमध्ये असं नेहमी होतं आणि ती प्रत्येक वेळी अटक असतेच असं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ ची नोटीस देऊन चौकशीला बोलावलं असेल (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे), तर तीही अटक नाही. पण 'जामिनावर सोडलं' असं घरी सांगितलं जात असेल, तर अटक झाली होती असं समजूनच पुढे जावं. जामीन बहुधा अटक झालेल्याला मिळतो. अपवाद अटकपूर्व जामिनाचा. तिथेही पुढे कागदोपत्री अटक दाखवून लगेच सोडलेलं असू शकतं.

एफआयआर म्हणजे पोलिसांकडे झालेली नोंद. तिच्यावर तपास होतो. तपासात काही निघालं नाही तर पोलीस कोर्टात समरी पाठवतात. महाराष्ट्रात तिला 'अ', 'ब' आणि 'क' अशी नावं आहेत. गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही, तर 'अ' समरी. तक्रारच खोटी आणि खोडसाळ, तर 'ब' समरी. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची बाब, तर 'क' समरी. पुढे व्हिसा अधिकाऱ्याला दाखवायला 'ब' समरीचा मंजूर आदेश हा फार मोलाचा कागद असतो आणि तो मिळालाय हे अनेक कुटुंबांना माहीतही नसतं.

दोषारोपपत्र दाखल झालं आणि कोर्टाने दखल घेतली की खटला सुरू होतो. त्याचा शेवट निर्दोष सुटका, तडजोड, खटला मागे घेणं किंवा शिक्षा यापैकी एकात होतो. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघतात. पण नुसता शासन निर्णय निघाल्याने खटला संपत नाही. सरकारी वकिलांना कोर्टात अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. 'सरकारने आमच्या केसेस काढून टाकल्या' असं भाषणात ऐकलेलं असतं आणि कोर्टात तारीख पडतच असते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मात्र दंडाच्या बाबतीत. जुगाराच्या धाडीत सापडले, दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले, किरकोळ मारामारी झाली. वकील म्हणतो, 'कशाला तारखा करता, कबूल करा आणि दंड भरून मोकळे व्हा.' दंड भरला जातो, पावती हरवते, माणूस विसरतो. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी असते. तुरुंगात एक दिवसही न घालवता माणूस कागदोपत्री दोषी ठरलेला असतो. याउलट, तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात फिर्यादी आणि आरोपी कोर्टासमोर आपसात मिटवतात तेव्हा त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा होतो. एकाच लोकअदालतीत एका टेबलावर कबुली दिली जाते आणि शेजारच्या टेबलावर तडजोड होते. घरी जाताना दोघंही 'मिटलं' असंच म्हणतात. व्हिसाच्या फॉर्मवर मात्र दोघांची उत्तरं वेगळी असतात.

पासपोर्टचा कायदा काय म्हणतो?

परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सांगितलं. तोपर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने जप्त केला, कारण सांगायला नकार दिला आणि २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अशी बंदी घालणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. आज मालेगावच्या माणसाला नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून 'कारणे दाखवा' नोटीस येते आणि म्हणणं मांडायची संधी मिळते, ती याच निकालांच्या वाटेने.

कायद्याच्या कलम ६(२) मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणं दिलेली आहेत. जुन्या अटकेशी संबंध असलेली त्यातली तीन महत्त्वाची. एक, गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची शिक्षा झालेली असणं. दोन, भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असणं. तीन, वॉरंट, समन्स किंवा देश सोडण्यास मनाई करणारा कोर्टाचा आदेश असणं.

या यादीत 'पूर्वी अटक झाली होती' हे कारण नाही. निर्दोष सुटलेल्या, समरी मंजूर झालेल्या किंवा जुगारात दंड भरून मोकळ्या झालेल्या माणसाला पासपोर्ट नाकारण्याचं कारण या तीन कलमांत सापडत नाही. नुसता एफआयआर असून तपास चालू असेल तरी 'खटला प्रलंबित' म्हणता येत नाही. कोर्टाने दखल घेतल्यावरच तो प्रलंबित मानायचा, असं परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकातही आहे.

मग अडतं कुठे? पोलीस पडताळणीत. ठाण्याच्या रजिस्टरमध्ये गुन्हा नोंदलेला असतो आणि त्यापुढे निकाल चढवलेला नसतो. खटला २०१५ ला सुटला तरी नोंद 'न्यायप्रविष्ट' अशीच राहते. अहवाल प्रतिकूल जातो आणि फाईल अडकते. यावर उपाय सोपा आहे, फक्त आधी करावा लागतो: निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठाण्यात द्यायची, पोच घ्यायची आणि तीच नक्कल पासपोर्ट कार्यालयातही जोडायची. अर्ज नाकारलाच गेला तर मुख्य पासपोर्ट अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्यानंतर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे.

फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्या रास्ता रोकोच्या केसमध्ये महिनाभराची शिक्षाही झाली नसती, ती लपवण्यासाठी दोन वर्षांचा धोका घेतला जातो. ई-सेवा केंद्रातल्या पोराने टिक केली हा बचाव चालत नाही.

खटला चालू असेल तर

तरीही रस्ता बंद नाही. २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. तिचा क्रमांक वकिलांना तोंडपाठ असतो: जीएसआर ५७०(ई). ज्या कोर्टात खटला चालू आहे त्याने परदेशी जायला परवानगी दिली, तर खटला प्रलंबित असूनही पासपोर्ट मिळू शकतो. मुदतही कोर्टाच्या आदेशावर ठरते. आदेशात वर्षं लिहिलेली असतील तर तेवढ्या वर्षांचा पासपोर्ट. आदेश मुदतीबद्दल गप्प असेल तर एका वर्षाचा.

इथेच लोक अडकतात. अर्जात 'पासपोर्टसाठी ना हरकत मिळावी' एवढंच मागितलं जातं, कोर्ट 'अर्ज मंजूर' लिहितं आणि हातात एका वर्षाचा पासपोर्ट येतो. बरेच देश प्रवासाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे वर्षातले सहा महिने तसेच गेले. उरलेल्या सहा महिन्यांत व्हिसाची तारीख मिळवायची, व्हिसा मिळवायचा आणि जाऊनही यायचं. म्हणून अर्जाच्या विनंतीतच 'दहा वर्षांसाठी' असं स्पष्ट मागावं. मुंबई हायकोर्टाने २०१४ साली नूतनीकरणाच्या अशाच तक्रारीवर नियमाप्रमाणे दहा वर्षांचा पासपोर्ट देण्याच्या बाजूने आदेश दिला होता. तो वकिलाकडून जोडून घेता येतो.

पद्धत अशी असते: खटला मालेगावच्या कोर्टात असेल तर अर्ज तिथेच, सेशन केस असेल तर वाशिमला. अर्जासोबत जाण्याचं कारण, तारखा, राहण्याचा पत्ता आणि परत येण्याची हमी. कोर्ट सरकारी वकिलांचा 'से' मागवतं. सरकारी वकील बहुधा 'आरोपी पळून जाईल' असं लिहितात, त्यात वैयक्तिक काही नसतं. आजवर प्रत्येक तारखेला हजर होता का, गावात घर-शेती-कुटुंब आहे का, याला वजन असतं. रोजनाम्यात दहा ठिकाणी 'आरोपी गैरहजर' असेल तर अर्ज अवघड होतो.

आणि एक फरक. पासपोर्ट मिळायला दिलेली ना हरकत आणि प्रत्यक्ष देश सोडण्याची परवानगी या दोन गोष्टी आहेत. जामिनाच्या अटींमध्ये 'परवानगीशिवाय देश सोडू नये' असेल तर पासपोर्ट खिशात असला तरी प्रत्येक प्रवासाआधी कोर्टात जावं लागतं.

आर्यन खानच्या प्रकरणात हे सगळे टप्पे देशाने टीव्हीवर पाहिले. ३ ऑक्टोबर २०२१ ला अटक, २८ ऑक्टोबरला मुंबई हायकोर्टाचा जामीन, अटींमध्ये पासपोर्ट जमा करणं. २७ मे २०२२ ला एनसीबीने दोषारोपपत्रात त्याचं नाव घातलं नाही. तरी पासपोर्ट आपोआप घरी आला नाही. अर्ज करावा लागला आणि जुलै २०२२ मध्ये विशेष कोर्टाने तो परत देण्याचा आदेश दिला. खटल्यातून नाव गेलं तरी जामिनाच्या वेळी जमा केलेला पासपोर्ट कोर्टाच्या किंवा तपास यंत्रणेच्या कपाटातच राहतो. तो मागून घ्यावा लागतो.

पोलीस ठाण्यात कुणी पासपोर्ट काढून घेतला असेल तर सुप्रीम कोर्टाचा २००८ चा सुरेश नंदा निकाल माहीत असावा. पोलीस तपासासाठी पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे, पोलिसांचा नाही.

विमानतळावर अडवणारी नोटीस

लुकआउट सर्क्युलर, म्हणजे एलओसी, हा प्रकार कोर्टाच्या आदेशापेक्षा वेगळा. तपास यंत्रणेच्या विनंतीवरून इमिग्रेशन विभाग ते काढतो आणि बहुतेकांना ते विमानतळावरच कळतं. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात रिया चक्रवर्ती आणि तिच्या कुटुंबाविरुद्ध सीबीआयच्या सांगण्यावरून २०२० मध्ये काढलेली सर्क्युलर मुंबई हायकोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केली, म्हणजे तीनेक वर्षं ती तशीच होती. एप्रिल २०२४ मध्ये याच कोर्टाने सरकारी बँकांच्या प्रमुखांना कर्जदारांविरुद्ध एलओसी मागण्याचा दिलेला अधिकारही रद्द केला. किरकोळ मारामारीच्या केसमध्ये एलओसी सहसा नसतं. कौटुंबिक वादात नवरा परदेशात असेल आणि तारखांना येत नसेल, तर मात्र ते निघू शकतं.

व्हिसा: प्रश्न नीट वाचा

पासपोर्ट देतं भारत सरकार, व्हिसा देतो समोरचा देश. भारतीय कायद्यात अटकेला किंमत नाही म्हणून तिथेही नसेल असं नाही. प्रत्येक देश वेगळा प्रश्न विचारतो आणि उत्तर त्या प्रश्नाचंच द्यायचं असतं.

अमेरिकेचा प्रश्न सगळ्यात रुंद आहे. डीएस-१६० फॉर्ममध्ये विचारतात की कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक झाली आहे किंवा तुम्ही दोषी ठरला आहात का, जरी पुढे माफी मिळाली असली तरी. 'कधी' या शब्दाला वर्षांची मर्यादा नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची अटक आणि त्यानंतर निर्दोष सुटका, तरी उत्तर 'होय'. मालेगावातल्या वकिलाचं 'आता काही नाही, नाही लिहा' हे म्हणणं भारतीय कायद्याच्या हिशेबाने बरोबर असेल, या फॉर्मसाठी चूक आहे.

'होय' लिहिलं म्हणजे नकार, असं मात्र नाही. अमेरिकी कायद्यात नुसत्या अटकेने माणूस अपात्र होत नाही. अपात्र करतात ते मुख्यतः नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी किंवा कबुली आणि अमली पदार्थांचे गुन्हे. चोरी, फसवणूक, बनावट कागदपत्रं पहिल्या गटात येतात. साधी धक्काबुक्की सहसा येत नाही. एकच किरकोळ गुन्हा असेल, त्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर सूटही आहे. 'होय' लिहिलेल्यांना बहुधा जास्तीचे कागद मागतात, फाईल काही आठवडे किंवा महिने थांबते आणि मग निर्णय येतो. मुलाच्या पदवीदान समारंभाला जायचं असेल तर हे आठवडे धरून अर्ज करावा.

'नाही' लिहिलं आणि नंतर उघड झालं तर? जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती देणं हे अमेरिकेत स्वतंत्र आणि कायमचं अपात्रतेचं कारण आहे. जी अटक सांगितली असती तर कदाचित काहीच झालं नसतं, ती लपवल्याने दार कायमचं बंद होतं. विशेष सूट मागता येते, पण ती मिळणं त्यांच्या मर्जीवर.

कॅनडाचा प्रश्नही असाच रुंद आहे. कुठल्याही देशात गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली आहे का? पंजाबी आणि मराठी विद्यार्थ्यांना तिथे एक गोष्ट चकित करते. दारू पिऊन गाडी चालवणं कॅनडात डिसेंबर २०१८ पासून गंभीर गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि परदेशातली दोषसिद्धी ते आपल्या कायद्याच्या मापाने मोजतात. नागपूरला मित्राच्या हळदीवरून परतताना पकडलं गेलं, कोर्टात दहा हजार रुपये दंड भरला. इथे ती ट्रॅफिकची केस. तिथे गंभीर गुन्हेगारी. काही वर्षं उलटल्यावर 'पुनर्वसन' झाल्याचा अर्ज करता येतो, तोवर खास तात्पुरत्या परवान्याचा मार्ग आहे. खोटं सांगितल्यास पाच वर्षांची बंदी.

ब्रिटन थोडं वेगळं विचारतं: शिक्षा झाली आहे का, सध्या खटला किंवा आरोप प्रलंबित आहे का, वाहतुकीच्या गुन्ह्यात दंड झाला आहे का. जुनी अटक होऊन निर्दोष सुटलेल्या माणसाचं उत्तर इथे अमेरिकेपेक्षा वेगळं येऊ शकतं. पण बारा महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेली असेल तर व्हिसा नाकारायचाच, असा त्यांचा नियम आहे आणि त्याला काळाची मर्यादा नाही. फसवणूक सापडली तर दहा वर्षांची बंदी.

या नियमाचं महाराष्ट्रातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण संजय दत्तचं. १९ एप्रिल १९९३ ला अटक, टाडातून मुक्तता पण शस्त्र कायद्याखाली दोषी, २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा, मार्च २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाच वर्षांवर आणली, २५ फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून सुटका. शिक्षा भोगून आठ वर्षं झाली होती. २०२४ मध्ये 'सन ऑफ सरदार २' चं शूटिंग ब्रिटनमध्ये होतं. व्हिसा आधी मिळाला आणि नंतर रद्द झाला, असं त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं. त्याची भूमिका दुसऱ्याकडे गेली. पैसा, वकील, ओळखी यातलं काही कमी नव्हतं.

ऑस्ट्रेलियात 'चारित्र्याची कसोटी' आहे. तिथेही बारा महिन्यांची शिक्षा ही महत्त्वाची रेघ. खोटी माहिती किंवा कागद दिल्यास साधारण तीन वर्षं अडतात. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या साध्या पर्यटक फॉर्ममध्ये गुन्ह्याचा थेट प्रश्नच नसतो.

आखाताचं गणित फॉर्मपेक्षा दाखल्यावर चालतं. कुवेतसारखे देश कामाच्या व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. परदेशासाठी ते पासपोर्ट कार्यालयाकडून काढायचं असतं, फी ५०० रुपये. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवरून खासगी नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा. दोन्हींत गोंधळ करून लोक पैसे आणि महिना दोन्ही घालवतात. खटला प्रलंबित असेल तर पीसीसी अडकते आणि एजंट 'क्लीन पीसीसी आणून देतो' म्हणतो. बनावट पीसीसी हा नवा, जुन्यापेक्षा मोठा गुन्हा आहे आणि तो करणारा एजंट नसतो, अर्जदार असतो.

'त्यांना मालेगावची केस कळणार कशी?'

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, तेव्हा त्याचं उत्तरही सरळ द्यायला हवं. ई-कोर्ट्सच्या साइटवर राज्य, जिल्हा वाशिम, तालुका कोर्ट आणि नाव टाकलं की खटला दिसतो. हे जगात कुणालाही, फुकट. स्थानिक पोर्टलवर बातमी आलेली असते. भांडलेली भावकी दूतावासाला मेल पाठवते, हेही घडतं. आणि एकदा दिलेलं उत्तर त्या देशाच्या संगणकात राहतं: पर्यटक व्हिसाला 'नाही' लिहिलेला माणूस दहा वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी पीसीसी देतो आणि दोन कागद जुळत नाहीत.

तीच साइट तुमच्याही कामाची आहे. खटला संपला की नाही, याची खात्री नसलेले कितीतरी लोक असतात. वकील वारला, तारखा थांबल्या, 'संपलं असेल' असं धरलं. प्रत्यक्षात वॉरंट निघून फाईल पडून असते. अर्ज भरण्याआधी नाव टाकून बघणं पाच मिनिटांचं काम आहे.

कोणते कागद काढून ठेवायचे?

एफआयआर, दोषारोपपत्र किंवा समरीचा आदेश, जामिनाचा आदेश आणि अंतिम निकाल. सगळं कोर्टाच्या नक्कल विभागातून, सही-शिक्क्यानिशी. दोन-तीन जास्तीच्या प्रती घ्याव्यात, कारण कोर्टातली जुनी रेकॉर्ड ठरावीक वर्षांनी नष्ट केली जातात. नष्ट झालीच असतील तर तसा लेखी दाखला मागावा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी मालेगाव अकोला जिल्ह्यात होतं. त्यामुळे त्या काळातल्या कागदांवर जिल्हा अकोला दिसेल, आणि मोठा खटला असेल तर शोध अकोल्यातही घ्यावा लागेल. परदेशी अधिकाऱ्याला हे एका ओळीत समजावून सांगितलेलं बरं, नाहीतर त्याला दोन वेगळी गावं वाटतात. तसाही नाशिकच्या मालेगावशी घोळ होतोच. प्रत्येक अर्जात गावापुढे जिल्हा लिहावा.

तालुका कोर्टाचे निकाल आणि रोजनामे बहुधा मराठीत असतात. त्यांचं इंग्रजी भाषांतर लागतं, नोटरी केलेलं. भाषांतर करणाऱ्याने 'गुन्हा दाखल' याचं 'गुन्हा सिद्ध' केलेलं नाही ना, हे इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावं. ही चूक होते आणि महागात पडते. कलमं सांगताना जुन्या खटल्याला जुनीच भारतीय दंड संहितेची कलमं लिहायची. न्याय संहितेतली नवी कलमं १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना लागतात.

अठरा वर्षांखाली असताना झालेल्या प्रकरणाचं वेगळं आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार त्या निकालामुळे भारतात अपात्रता येत नाही आणि रेकॉर्ड ठरावीक काळाने नष्ट करायचं असतं. परदेशी फॉर्मवर काय लिहायचं, हे मात्र त्या फॉर्मच्या शब्दांवरून आणि वकिलाला विचारूनच ठरवावं.

खुलाशाच्या रकान्यात काय लिहायचं?

'होय' निवडलं की खाली रकाना उघडतो. तिथे कहाणी सांगायची नसते. तारीख, ठिकाण, कलम, काय घडलं आणि शेवट, एवढंच. उदाहरणार्थ: 'मार्च २०१७ मध्ये शेतमालाच्या भावासाठीच्या रास्ता रोको आंदोलनात भारतीय दंड संहिता कलम १४३ आणि ३४१ खाली मालेगाव, जिल्हा वाशिम येथे अटक. त्याच दिवशी जामीन. २०१९ मध्ये न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता. निकालाची प्रमाणित प्रत आणि भाषांतर सोबत.' फिर्यादी किती वाईट होता, पोलिसांनी कसं अडकवलं, हे लिहिल्याने मदत होत नाही.

मुलाखतीतही तेच, त्याच क्रमाने, त्याच तारखांसह सांगावं. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत मराठीतूनही देता येते. मोडक्या इंग्रजीत 'अटक' आणि 'शिक्षा' यांची गल्लत होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.